सद्वर्तनाची चिकित्सा

मुलांचें वर्तन सुधारण्याचें काम आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या छडीकडे होतें. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें, जो १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला, शाळेंतील मुलास शारीरिक शिक्षा करण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास बंदी केली, आणि ती केली हें उत्तमच झालें. कायदा झाला म्हणून सर्वत्र छड्या मोडल्या असें नव्हे. तथापि छडी उगारणारा शिक्षक आज निदान इकडेतिकडे पाहून उगारतो, आणि वाईट गोष्टीस लपावेंसें वाटूं लागणें हीहि सुधारणेची एक पायरीच म्हटली पाहिजे. पण छडी खालीं ठेवल्यावर मोकळ्या झालेल्या हातांनीं करावयाचें काय, हा प्रश्न उरलाच. त्याचें उत्तर म्हणून मानसशास्त्रानें जी एक पद्धति पुढें केली आहे ती वर्तनोपचाराची. वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या नांवांचा तक्ता लावावा. शांत बसणाऱ्याच्या, वेळेवर गृहपाठ आणणाऱ्याच्या, दुसऱ्यास मदत करणाऱ्याच्या नांवापुढें चांदणी चिकटवावी. ठराविक चांदण्या जमल्या म्हणजे पेन्सिल, गोष्टीचें पुस्तक किंवा खेळाचा जादा तास द्यावा. आणि खोडकरपणाकडे शक्य तों लक्षच देऊं नये. २०११ सालीं अमेरिकेंत निघालेल्या क्लासडोजो या योजनेनें तर हा तक्ता भिंतीवरून काढून शिक्षकांच्या व पालकांच्या मोबाइलवर नेऊन ठेविला आहे. आई कचेरींत बसल्या बसल्या आपल्या चिरंजीवांस आज किती गुण मिळाले हें पाहूं शकते.

या प्रकारास हंसणारे लोक पुष्कळ आहेत, परंतु हंसण्यानें त्याचा निकाल लागत नाहीं. येथें दोन प्रश्न निराळे ठेवावयास हवेत. अशा उपायांनीं मुलाचें वर्तन बदलतें काय, हा एक. आणि अशा रीतीनें बदललेल्या वर्तनास सद्वर्तन म्हणावें काय, हा दुसरा. पहिला प्रश्न प्रयोगाचा आहे व त्याचें उत्तर बव्हंशीं होकारार्थी आलें आहे. दुसरा नीतिशास्त्राचा आहे. आणि पहिल्याचें उत्तर जितकें अनुकूल, तितका हा दुसरा अधिक बिकट होत जातो. न चालणाऱ्या यंत्राविषयीं नीतीचा प्रश्न कोणी विचारीत नसतो.

या पद्धतीचा उगम प्रयोगशाळेंत आहे हें सर्वश्रुत आहे. पाव्हलॉव्हचीं कुत्रीं अन्न येण्याच्या नुसत्या खुणेनें लाळ गाळूं लागलीं, ही गोष्ट आमच्याकडील प्रत्येक ट्रेनिंग कॉलेजांत सांगितली जाते. त्यापुढची गोष्ट मात्र तितक्या आवडीनें सांगितली जात नाहीं. १९२० सालीं जॉन वॉटसन व रोझाली रेनर यांनीं सुमारें अकरा महिन्यांच्या एका बाळापुढें पांढरा उंदीर ठेविला, व बाळानें त्याला हात लावतांच त्याच्या मागें पोलादी कांबेवर हातोडा हाणला. कांहीं आवृत्त्यांनंतर नुसता उंदीर पाहूनच बाळ रडूं लागलें. पुढें सशालाहि भिऊं लागलें. सिद्धान्त सिद्ध झाला. परंतु उत्पन्न केलेली भीति काढून टाकण्यापूर्वींच त्या बाळास तेथून नेण्यांत आलें, आणि प्रयोगकर्त्यांच्या लेखीं प्रयोग पुरा झाला होता. एका मुलाच्या मनांत भीति पेरून ती तशीच ठेवून देणाऱ्या शास्त्रानें पुढें मुलांच्या नीतीची जबाबदारी मागावी, ही गोष्ट विसरतां येण्यासारखी नाहीं.

परंतु न्याय करावयाचा तर चार वर्षांनंतरचा प्रयोगहि सांगितला पाहिजे. १९२४ सालीं मेरी कव्हर जोन्स या बाईंनीं पीटर नांवाच्या, तीन वर्षांच्या आंतील एका मुलाची सशाची भीति घालविल्याची हकीकत प्रसिद्ध केली. मूल जेवावयास बसलें म्हणजे पिंजऱ्यांतील ससा खोलीच्या दूरच्या टोकास आणून ठेवावयाचा. मुलाच्या घशाखालीं घास सुखानें उतरत आहे तोंवर तो दररोज थोडथोडा जवळ आणावयाचा. शिवाय सशास न भिणारीं इतर मुलेंहि जवळपास ठेवावयाचीं. अखेरीस पीटर सशाला कुरवाळूं लागला. आज ज्यास आपण वर्तनोपचार म्हणतों त्याचें बीज या बाईंच्या खोलींत सांपडतें, वॉटसनच्या हातोड्यांत नव्हे. १९५८ सालीं जोसेफ वोल्पे यानें याच तत्त्वावर भयग्रस्त प्रौढांच्या चिकित्सेची एक पद्धतशीर रीति लिहून काढली. आणि परीक्षेच्या मंडपांत पाय ठेवतांच ज्याच्या हातास कंप सुटतो अशा विद्यार्थ्याला या रीतीनें आज खरोखरच मोकळें करतां येतें. ज्यांनीं असे विद्यार्थी पाहिले आहेत ते या विद्येची थट्टा करणार नाहींत.

आतां या दोन प्रकारांत एक भेद आहे, आणि माझ्या मतें सर्व वादाचें मर्म त्यांतच आहे. रोगी वैद्याकडे जातो तेव्हां तक्रार रोग्याची असते. ज्याला भीति वाटते त्यालाच ती नकोशी असते. वैद्य ती काढून टाकतो तेव्हां तो रोग्याच्या इच्छेचा हस्तक असतो. पीटर लहान होता खरा, परंतु सशास भिऊन रडण्यांत त्यालाहि सुख नव्हतें. वर्गांत मात्र तक्रार कोणाची? मागच्या बाकावर बडबड करणाऱ्या मुलाची बडबडीविरुद्ध मुळींच तक्रार नसते. तो सुखांत असतो. तक्रार शिक्षकाची असते. म्हणजे रोग एकाला होतो आणि औषध दुसऱ्यास पाजलें जातें! अशा व्यवहारास चिकित्सा हें नांव देण्यांत शब्दाचा थोडा अपहार होतो. तो हितावह असूं शकेल, आवश्यकहि असूं शकेल. परंतु त्याला शासन म्हणावें, चिकित्सा म्हणूं नये. शासनास समर्थन द्यावें लागतें. चिकित्सेकडे तें कोणी मागत नाहीं, आणि म्हणूनच शासनाला चिकित्सेचा पोशाख आवडतो.

उदाहरणादाखल एक प्रसिद्ध प्रयोग घेऊं. बॅरिश, साँडर्स व वुल्फ या तिघांनीं १९६९ सालीं अमेरिकेंतील एका चौथीच्या वर्गाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. वर्गांत मुलें २४. जागा सोडून उठणें आणि मध्येंच बोलणें या दोन खोडींनीं शिक्षक जेरीस आलेले. प्रयोगकर्त्यांनीं वर्गाचे दोन संघ पाडले. कोणी खोडी केली कीं त्याच्या संघाच्या नांवानें फळ्यावर एक खूण. तासाअखेर ज्याच्या खुणा कमी तो संघ विजयी; दोघांच्याहि ठराविक संख्येच्या आंत राहिल्या तर दोघेहि विजयी. बक्षीस म्हणजे विजयाची पट्टी, नांवापुढें चांदणी, जेवणाच्या रांगेंत पहिला मान, दिवसाअखेर अर्ध्या तासाची मोकळीक. एकंदरींत शाळेजवळ जें आधींच होतें तेंच. या खेळास त्यांनीं सद्वर्तनाचा खेळ असें नांव दिलें. परिणाम थक्क करणारा झाला. गणिताच्या तासाचे लहान लहान भाग पाडून निरीक्षण केलें असतां पूर्वीं शंभरांतील सुमारें ९६ भागांत मध्येंच बोलणें आढळे, तें १९ वर आलें. जागा सोडण्याचें प्रमाण ८२ वरून ९ वर आलें. फळ्यावर नांवें लिहिणारा मॉनिटर आमच्याहि शाळांत होता व आहे. परंतु त्याच्या यादीचा असा प्रताप कधीं दिसला नाहीं, कारण त्याच्या यादीला पुढें फक्त मार होता, जिंकणें नव्हतें.

पुढें प्रयोगकर्त्यांनीं शास्त्राच्या रीतीप्रमाणें खेळ बंद करून पाहिला. खोड्या परत आल्या. खेळ पुन्हां सुरू केला. खोड्या पुन्हां गेल्या. शास्त्रज्ञाच्या दृष्टीनें हा विजयाचा क्षण होय, कारण बदल खेळामुळेंच होतो, दुसऱ्या कशामुळें नाहीं, हें यावरूनच सिद्ध होतें. पण नीतीचा विचार करणाऱ्यानें या ठिकाणीं थांबलें पाहिजे. ज्या खुणेनें शास्त्रज्ञाचा सिद्धान्त पक्का होतो, तीच खूण शिक्षकाच्या हेतूची हार दाखविते. खेळ काढतांच वर्तन पूर्ववत् होत असेल, तर वर्तन मुलाचें झालेंच नव्हतें; तें खेळाचें होतें. मुलास जें आलें तें खेळणें आलें. आणखी एक गोष्ट. त्या वर्गांत हा खेळ आपण खेळणार नाहीं असें स्पष्ट सांगणारेहि निघाले, व एकाच्या हट्टापायीं साऱ्या संघास दंड होणें अन्याय्य म्हणून त्यांना बाजूस काढावें लागलें. शास्त्रीय निबंधांत ही बाब चार ओळींत आटोपते. मला मात्र ती फार महत्त्वाची वाटते. कारण नकार देणाऱ्या मुलानें निदान एवढें ओळखलें होतें कीं आपल्यावर कांहीं तरी केलें जात आहे.

१९७२ सालीं विनेट आणि विंकलर या दोघांनीं या शास्त्राच्या प्रमुख नियतकालिकांत तोंपर्यंत आलेले वर्गविषयक प्रयोग तपासून एक परखड लेख लिहिला. हे दोघे शत्रुपक्षाचे नव्हते, त्याच संप्रदायाचे होते. त्यांचा निष्कर्ष थोडक्यांत असा कीं, मुलांनीं हलूं नये, बोलूं नये व मुकाट्यानें सांगितलेलें ऐकावें, याहून निराळें ध्येय या प्रयोगांत क्वचितच दिसतें. म्हणजे नव्या शास्त्रानें आपलें साध्य जुन्या छडीकडूनच उसनें घेतलें होतें. छडीला जें हवें होतें तेंच चांदणीला हवें; फरक साधनाचा. साधन सौम्य झालें ही सुधारणा लहान नव्हे, परंतु सौम्य साधनाचा एक धोका असतो. छडी खाणाऱ्या मुलाला आपल्यावर जुलूम होत आहे हें कळत असे. चांदणी मिळविणाऱ्यास तें कळण्याचा मार्ग उरत नाहीं.

वर्तन आणि सद्वर्तन यांतील अंतर पाहावयाचें असेल तर कॅन्ससला जाण्याचें कारण नाहीं. आपल्या दहावी-बारावीच्या परीक्षांचें केंद्र पुरे आहे. भरारी पथक फाटकाशीं आल्याची बातमी लागली कीं केंद्रांत जी शांति पसरते, ती शांति वर्तनशास्त्राच्या मोजपट्टीनें शंभर टक्के सद्वर्तन ठरेल. चिठ्ठ्या खिडकीबाहेर जातात, माना पेपरांत जातात. पथकाची गाडी वळणाआड गेली कीं पुढें काय होतें हें पर्यवेक्षणाचें काम केलेल्या प्रत्येकास माहीत आहे. येथें कोणी असें म्हणेल कीं पथक कायमचें ठेवा, कॅमेरे लावा. ते लावलेहि जात आहेत. परीक्षा त्यानें शुद्ध होईल, व ती शुद्ध व्हावी हें इष्टच आहे, कारण रात्र रात्र जागून अभ्यास केलेल्या मुलीवर अन्याय होतां कामा नये. परंतु त्या कॅमेऱ्यानें विद्यार्थी प्रामाणिक झाला असें कोणी म्हणूं नये. कॅमेरा प्रामाणिक आहे.

बक्षिसाचा आणि दंडाचा याहूनहि सूक्ष्म एक परिणाम आहे. तो असा कीं, त्यांच्यामुळें कृतीचा अर्थच पालटतो. लेपर, ग्रीन व निस्बेट यांनीं १९७३ सालीं तीन ते पांच वर्षांच्या, मुळांतच चित्रें काढण्याची आवड असलेल्या मुलांचे गट केले. एका गटास चित्र काढल्याबद्दल प्रशस्तिपत्र मिळेल असें आधीं सांगून तें दिलें. पुढें एकदोन आठवड्यांनीं रंगीत लेखण्या सहज समोर ठेविल्या, तेव्हां या बक्षीसवाल्या मुलांनीं इतरांच्या मानानें सुमारें निम्माच वेळ त्यांत घालविला. जें खेळ होतें तें काम झालें, आणि कामाला वेतन नसेल तर तें करावें कशाला? दुसरें उदाहरण मुलांचें नसून पालकांचें आहे, आणि म्हणूनच अधिक बोलकें आहे. इस्राएलांतील हैफा शहरीं १० पाळणाघरांपैकीं ६ ठिकाणीं मुलास न्यावयास उशीर करणाऱ्या पालकांस दंड बसविण्यांत आला. नीझी व रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनीं ही हकीकत २००० सालीं प्रसिद्ध केली. दंडानें उशीर कमी होण्याऐवजीं वाढला, जवळजवळ दुप्पट झाला. आणि दंड रद्द केल्यावरहि पूर्वपदास आला नाहीं. पूर्वीं उशीर करणाऱ्या आईला ताटकळत बसलेल्या शिक्षिकेकडे पाहून संकोच वाटे. आतां तिनें पैसे मोजले होते, संकोच कशाचा? एकदां भीड मोडली ती मोडली.

येथवरचें वाचून नीतिशास्त्राचा एखादा अभ्यासक म्हणेल, कीं हें सर्व ठीक आहे, पण संवयीवांचून सद्गुण येतो कोठून? आणि तो ॲरिस्टॉटलला साक्षीस बोलावील. साक्ष खरी आहे. न्याय्य कृत्यें करूनच मनुष्य न्यायी होतो, जसें घरें बांधूनच गवंडी होतो, असा त्याच्या विवेचनाचा आशय आहे. आमच्याहि घरांत हेंच तत्त्व होतें. तिन्हीसांजेला दिव्यास हात जोडणाऱ्या मुलाला श्लोकाचा अर्थ कोणी विचारीत नसे. आधीं हात जोडले जात, अर्थ पुढें येई, आणि कधीं कधीं येतहि नसे. परंतु त्याच ग्रंथांत ॲरिस्टॉटलनें पुढें तीन अटी घातल्या आहेत, त्या आमचे शिक्षणपंडित वाचीत नाहींत. कृति जाणून केलेली असावी, ती तिच्याचसाठीं निवडलेली असावी, आणि ती स्थिर अशा स्वभावांतून निघालेली असावी. शिवाय त्याला ज्या संवयीची अपेक्षा आहे ती निव्वळ हातापायांची नव्हे. योग्य गोष्टींत आनंद वाटण्याची व अयोग्य गोष्टीची लाज वाटण्याची ती संवय आहे. चांदणीच्या पद्धतींतहि आनंद आहेच, पण तो चांदणीचा. दुसऱ्यास आपला डबा देणाऱ्या मुलाचें लक्ष त्या दुसऱ्याच्या तोंडाकडे असेल तर एक गोष्ट शिकली जाते, आणि तें भिंतीवरील तक्त्याकडे असेल तर अगदीं निराळी. बाहेरून पाहणाऱ्यास डबा दिल्याची नोंद दोन्ही वेळां सारखीच करावी लागेल. कान्टनें १७८५ सालीं जो दुकानदार उभा केला, जो अजाण गिऱ्हाइकासहि फसवीत नाहीं, कारण दुकानाची पत त्यानें वाढते, तो आपल्या नव्या शाळेंतून पहिल्या नंबरानें उत्तीर्ण होईल.

खरा प्रतिपक्ष मात्र ॲरिस्टॉटलचा नव्हे, स्किनरचा आहे, आणि त्याचा युक्तिवाद टाळून जाणें योग्य होणार नाहीं. बी. एफ. स्किनरनें १९७१ सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें, कीं माणसाच्या कृतीचीं कारणें आपल्यास दिसत नाहींत तेव्हां आपण तिचें श्रेय त्याला देतों. कारणें दिसूं लागलीं कीं श्रेय आटतें. तुमच्या त्या निरपेक्ष सत्यवादी मुलामागेंहि कोणा आईची शाबासकी, कोणा बापाचा अबोला आहेच. ती मात्रा अव्यवस्थित होती, आम्ही ती मोजून देतों, इतकाच फरक. मग आईला संस्कार म्हणतां आणि आम्हांस नियंत्रण म्हणतां, हा कोठला न्याय? या प्रश्नानें पुष्कळांची बोलती बंद झाली आहे. शिक्षेचा स्किनर स्वतः कट्टर विरोधक होता, ही गोष्टहि त्याच्या बाजूस जमा केली पाहिजे.

मला वाटतें, स्किनरचें पहिलें विधान मान्य करूनहि त्याचा निष्कर्ष नाकारतां येतो. सर्व कृतींना कारणें असतात हें मान्य; परंतु सर्व कारणें एका जातीचीं नसतात. कांहीं कारणें माणसाच्या समजुतीच्या दारानें आंत येतात, कांहीं मागच्या भिंतीला भोंक पाडून. ओळखावीं कशीं? त्याला एक सोपी कसोटी आहे. जो उपाय आपण मुलावर करीत आहों तो त्यास उघड करून सांगावा, आणि सांगितल्यावर तो टिकतो कीं ढांसळतो तें पाहावें. परीक्षेस भिणाऱ्या विद्यार्थ्यास सांगा कीं आपण पायरीपायरीनें तुझी भीति घालविणार आहों. उपायाचें बळ यत्किंचितहि कमी होत नाहीं, उलट वाढतें. आईनें मुलास सांगितलें कीं तूं खोटें बोललास म्हणून मला वाईट वाटलें, व वाटलें म्हणूनच मी बोलत नव्हतें, तर तिच्या अबोल्याचें सामर्थ्य जात नाहीं, कारण तें दुःख खरें असतें. परंतु "तूं नम्रपणें बोललास याचा मला विशेष आनंद झालेला नाहीं, तूं पुन्हां तसें बोलावेंस म्हणून मी आनंद दाखवीत आहें" असें शिक्षकानें मुलास सांगून पाहावें! शाबासकीचा सारा डोलारा त्या क्षणीं कोसळेल. जो उपाय सांगितल्यानें मरतो त्याचें जीवन मुलाच्या अज्ञानावर चाललेलें असतें, आणि ज्याला नीति शिकवावयाची त्याच्याच अज्ञानावर नीतीची इमारत उभारणें ही विसंगति कोणत्याहि आंकड्यांनीं भरून निघत नाहीं.

याच कसोटीवर आपल्या परंपरेंतील कांहीं गोष्टी चांगल्या उतरतात. पतंजलींनीं योगसूत्रांत प्रतिपक्षभावना सांगितली आहे. मनांत हिंसेचे किंवा असत्याचे वितर्क उठूं लागले असतां त्यांच्या विरुद्ध विचाराचें सेवन करावें. आधुनिक वर्तनोपचारक हें वाचून आपला पूर्वज सांपडला म्हणून संतोष पावेल. परंतु ती भावना साधकानें स्वतःवर करावयाची आहे. गुरूनें शिष्याच्या नकळत त्याच्यावर करावयाची नाहीं. बेंजामिन फ्रँकलिननें १३ सद्गुणांचा तक्ता करून एकेका सद्गुणास एकेक आठवडा दिला आणि चुकेल तेथें काळा ठिपका मांडला. हा तक्ता आणि शाळेच्या भिंतीवरचा तक्ता दिसावयास सारखे, पण ठिपका देणारा हात कोणाचा यावर सर्व अवलंबून आहे. मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांनीं आपला तक्ता आपण ठेवावा, आपली खोड आपण मोजावी, यास माझी हरकत तर नाहींच, उलट महाविद्यालयांतील कित्येक तरुणांना मोबाइलच्या पाशांतून सुटण्यास हाच मार्ग मी सुचवीत असतों. तेथें तक्रार त्यांची, उपाय त्यांचा आणि मोजमापहि त्यांचें असतें.

कोणी याचा अर्थ असा करूं नये कीं चांदण्या काढून त्या जागीं व्याख्यानें द्यावीं. उपदेशाचा पराभव तर चांदण्यांहूनहि जुना आहे. हार्टशॉर्न व मे यांनीं १९२८ ते १९३० या सालांत तीन खंड प्रसिद्ध करून हजारों अमेरिकन मुलांस लबाडी करण्याची संधि दिली असतां तीं काय करतात हें मांडलें. नीतीचे पाठ ऐकणें आणि लबाडी न करणें यांचा संबंध फारच थोडा आढळला. आणि जें मूल परीक्षेंत नक्कल करील तें खेळांत करीलच असेंहि दिसलें नाहीं. आमच्या शाळांतील परिपाठाच्या वेळचा रोजचा सुविचार फळ्यावरच राहतो, हें सांगावयास तीन खंडांची गरज नव्हती, तरी तीं प्रमाणें हातीं असलेलीं बरीं.

तसेंच या पद्धतीच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा लपविणेंहि अप्रामाणिकपणाचें होईल. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं १९८५-८६ पासून पहिलीच्या कांहीं वर्गांत तोच सद्वर्तनाचा खेळ खेळविण्यांत आला, आणि तीं मुलें १९ ते २१ वर्षांचीं झाल्यावर पाहणी केली असतां, विशेषतः लहानपणीं दांडगट असलेल्या मुलग्यांत व्यसनांचें व समाजविघातक वर्तनाचें प्रमाण इतरांपेक्षां कमी आढळलें. केलॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००८ सालीं हें प्रसिद्ध केलें. खेळ थांबतांच सारें पूर्ववत् होतें, या माझ्या वरील विधानास हा मोठाच अपवाद आहे. मला याची उपपत्ति अशी वाटते, कीं सहा वर्षांच्या दांडगट मुलास त्या खेळानें सद्गुण दिला नाहीं, संधि दिली. ज्या वर्गांत गोंगाट थांबला त्या वर्गांत त्याला वाचतां येऊं लागलें असेल, बाकावरच्या सोबत्यानें त्याला मित्र मानलें असेल, शिक्षिकेस त्याचा तिटकारा वाटेनासा झाला असेल. आणि पुढील वर्षांचें काम या गोष्टींनीं केलें असेल. शिवाय तो खेळ उघडा होता. नियम फळ्यावर होते, मुलांस ठाऊक होते. माझ्या कसोटीवर तो बराचसा उतरतो, हें मीं कबूल करावयास हवें. म्हणून सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गांत असा खेळ कोणी खेळवीत असेल तर मी त्याच्या आड येणार नाहीं. पंधरा वर्षांच्या मुलांस चांदण्या देणाऱ्याच्या मात्र अवश्य येईन. वयाचा हा फरक लहानसहान नव्हे. जी गोष्ट आज समजणार नाहीं ती उद्यां विसाव्या वर्षीं त्याला सांगतां येईल काय, व सांगतांना आपली मान खालीं जाईल काय, एवढें शिक्षकानें स्वतःस विचारावें.

गांधीजींच्या आत्मकथेंतील एक प्रसंग या सर्व वादांत माझ्या मनांत वारंवार येतो. पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनीं भावाच्या कड्यांतील सोन्याचा तुकडा चोरला. मग चिठ्ठी लिहून, शिक्षा मागून, ती आजारी वडिलांच्या हातीं दिली. वडिलांनीं ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून अश्रु गळले, आणि त्यांनीं चिठ्ठी फाडून टाकली. वर्तनशास्त्री म्हणेल कीं ते अश्रु हीच शिक्षा होय. म्हणूं द्या, पण चिठ्ठी अश्रूंच्या आधींची आहे. ती लिहिण्यास कोणतें बक्षीस पुढें होतें? वडील मारतील याची त्या मुलास धास्ती नव्हती. त्यांना दुःख होईल याची होती, आणि तें होईल हें ठाऊक असूनच चिठ्ठी दिली गेली. ही गोष्ट आजवरच्या मात्रांची बेरीज म्हणून सांगतां येईलहि, परंतु तशी सांगितल्यानें ती अधिक समजते असें मला वाटत नाहीं. आणि एक लक्षांत ठेवावें: वडिलांनीं त्या क्षणीं मुलाला सुधारण्याचा कांहींच यत्न केला नव्हता. ते रडले, कारण त्यांना रडूं आलें.

आमच्या शिक्षकांस हें सांगणें सोपें नाहीं, कारण एकेका वर्गांत साठ साठ मुलें घेऊन बसलेल्या माणसास शांतता हवी असते, रडूं नव्हे. त्याची अडचण खरी आहे आणि ती मुलांवरच्या मात्रा वाढवून सुटणार नाहीं. वर्ग लहान केल्यानें सुटेल. परंतु या पद्धतीचा शिक्षकावर काय परिणाम होतो याकडे तिच्या पुरस्कर्त्यांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. चांदण्या चिकटवितांच वर्ग शांत होतो. ती शांतता हें शिक्षकाचें बक्षीस. बक्षीस मिळालेली कृति पुन्हां पुन्हां घडते, हा तर या शास्त्राचा पहिला नियम. तेव्हां उद्यां तो आणखी चांदण्या चिकटवितो. मूल कां बोलत होतें, धडा कंटाळवाणा होता काय, मागच्या बाकावर फळा दिसत नव्हता काय, घरीं कांहीं घडलें होतें काय, हे प्रश्न विचारल्याबद्दल त्याला चांदणी कोणी देत नाहीं. म्हणून ते विचारण्याची त्याची संवय मोडते. स्किनरच्या प्रयोगांसंबंधीं एक जुनें व्यंगचित्र प्रसिद्ध आहे, आणि त्याचा उल्लेख स्वतः स्किनरनेंहि खेळीमेळीनें केला आहे. त्यांत पेटींतील उंदीर सोबत्यास सांगतो, कीं मीं या गृहस्थाला चांगलें वळण लावलें आहे, मी दांडा दाबला रे दाबला कीं तो खाऊ टाकतो.